एमएसडब्ल्यूसाठी कर्ज काढावे का? पुण्यातल्या पालकांसाठी फी, पगार आणि हप्त्याचा हिशेब

बी.ए. झालेली मुले, त्यातही मुली, हल्ली एमएसडब्ल्यूची चौकशी करताना दिसतात. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. कोंढवा, कॅम्प, भवानी पेठ, मोमीनपुरा, हडपसर या भागांतले पालक शाळेत भेटले की तीन गोष्टी विचारतात: कोर्स चांगला आहे का, नोकरी लागते का, आणि फीसाठी बँकेचे कर्ज काढले तर ते फिटेल का. इंजिनीअरिंग किंवा फार्मसीबद्दल सांगणारे मोहल्ल्यात दहा जण मिळतात. समाजकार्याबद्दल मात्र "खिदमतचं काम आहे, सवाब मिळेल" याच्या पुढे बोलणे जात नाही. सवाबाचा हिशेब अल्लाहकडे आहे. हप्त्याचा हिशेब मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला घरातच द्यावा लागतो, म्हणून इथे तेवढाच मांडला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या कोर्ससाठी किती कर्ज घ्यायचे ते कॉलेजच्या फीवरून ठरवू नये. आधी पहिला पगार किती असेल ते पाहावे, त्यातून किती हप्ता झेपेल ते काढावे आणि मग मागे येत कर्जाचा आकडा ठरवावा. डॉक्टरकी किंवा इंजिनीअरिंगमध्ये पगार पुढे झपाट्याने वाढेल या आशेवर माणूस जोखीम घेतो. समाजकार्यात पगाराचे बरेचसे आकडे सरकारी मानधनाने बांधलेले आहेत. कॉलेज महागडे असले म्हणून ते मानधन वाढत नाही.

कोर्स कुठे होतो

पुण्यात या विषयाचे जुने नाव म्हणजे कर्वेनगरची कर्वे समाज सेवा संस्था. ती १९६३ सालची असून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. भारती विद्यापीठ आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ या अभिमत विद्यापीठांतही समाजकार्याचे शिक्षण मिळते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, आहे. तिची सुरुवात १९३६ मध्ये झाली आणि देशातले समाजकार्याचे शिक्षण तिथूनच सुरू झाले असे म्हणतात. टिसचे एक संकुल तुळजापूरलाही आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. मुंबईतले निर्मला निकेतन १९५५ पासूनचे आहे. घरी राहून शिकायचे असेल तर इग्नूचे बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू हे दोन्ही कोर्स आहेत आणि त्यांतही क्षेत्रकार्य करावेच लागते.

फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनुदानित महाविद्यालय, विनाअनुदानित महाविद्यालय, अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ अशी ही चढती पायरी समजा. एकाच शहरात एकाच नावाच्या पदवीसाठी एक घर काही हजार भरते आणि दुसरे घर काही लाख. म्हणून प्रवेशाच्या वेळी फक्त पहिल्या वर्षाची पावती पाहू नका. दोन्ही वर्षांची फी लेखी मागा आणि परीक्षा फी, ग्रामीण शिबिर, अभ्यासदौरा व प्रबंधाची छपाई यांचा खर्च वेगळा विचारा.

सगळ्यात विसरला जाणारा खर्च क्षेत्रकार्याचा. या कोर्समध्ये बहुधा आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थ्याला संस्थेत, वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात जाऊन काम करावे लागते. त्याचे पैसे मिळत नाहीत, उलट जाण्यायेण्याचा खर्च होतो. कोंढव्यातून कर्वेनगरला कॉलेज आणि तिथून येरवड्याला क्षेत्रकार्य असे वेळापत्रक आले तर पीएमपीचा पास, रिक्षा आणि बाहेरचे खाणे असे महिन्याचे बजेट वेगळे ठेवावे लागते. शिवाय या दोन दिवसांमुळे ठरलेल्या वेळेची पार्टटाइम नोकरी जमत नाही. "शिकता शिकता कमावेल" हे गणित बी.कॉम.ला जितके लागू पडते तितके इथे पडत नाही. संध्याकाळच्या ट्यूशन तेवढ्या जमतात.

पगार खरोखर किती

समाजसेवी संस्थांचे पगार संस्थेनुसार बदलतात, त्यामुळे सांगोवांगीच्या आकड्यांवर जाऊ नये. सरकारी योजनांचे आकडे मात्र छापील असतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना पाहा. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या जिल्हा कक्षात कोणाला किती मानधन, हे त्यात दिले आहे. आउटरीच वर्कर, म्हणजे वस्तीत फिरून काम करणारा कार्यकर्ता, याला महिना १०,५९२ रुपये आहेत. सामाजिक कार्यकर्त्याला आणि समुपदेशकाला प्रत्येकी १८,५३६, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४ आणि जिल्हा बालसंरक्षण अधिकाऱ्याला ४४,०२३ रुपये आहेत. ही सगळी कंत्राटी पदे आहेत.

या यादीत शिक्षणाची अटही पाहण्यासारखी आहे. आउटरीच वर्करला बारावी पुरते. सामाजिक कार्यकर्त्याला पदवी लागते. समाजकार्य किंवा समाजशास्त्राची असल्यास प्राधान्य मिळते. समुपदेशकालाही पदवी किंवा समुपदेशनाची पदविका चालते. एमएसडब्ल्यूचा खरा उपयोग संरक्षण अधिकाऱ्याच्या पायरीपासून सुरू होतो, आणि तिथेही पदवीधर अनुभवी उमेदवार स्पर्धेत असतो. एका जिल्ह्याच्या कक्षात संरक्षण अधिकारी दोन, समुपदेशक एक आणि सामाजिक कार्यकर्ते दोन. महाराष्ट्रात जिल्हे ३६. म्हणजे या योजनेत राज्यभरात संरक्षण अधिकाऱ्यांची जिल्हास्तरावरची पदे ७२ च्या आसपास होतात आणि दरवर्षी पास होणारी मुले त्याहून कितीतरी जास्त असतात. "एमएसडब्ल्यू झाले की अधिकारी" असे सांगणाऱ्या जाहिरातीकडे या आकड्यांसमोर ठेवून पाहावे.

नियमित सरकारी पदे चांगली आहेत. परिविक्षा अधिकारी, महिला व बालविकास विभागातले संरक्षण अधिकारी, सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक ही पदे निघतात तेव्हा राज्याच्या वेतनश्रेणीत मूळ वेतन ३५,४०० किंवा ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता त्यावर वेगळा. कौटुंबिक न्यायालयांतल्या विवाह समुपदेशकांनाही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि अनुभव लागतो. आपल्या समाजातली तलाक, खुला, पोटगीची प्रकरणे तिथे येतात. उर्दू किंवा दखनी समजणारा समुपदेशक समोर असला तर किती फरक पडतो, हे ज्यांनी कोर्टाचे हेलपाटे घातले त्यांना विचारा. पण ही भरती दरवर्षी होत नाही. जाहिरात येते, परीक्षा होते, निकाल लांबतो. कर्जाचा हप्ता मात्र निकालाची वाट पाहत नाही. त्यामुळे सरकारी पदाचा पगार धरून कर्ज काढणे मला पटत नाही. मिळाले तर अल्हमदुलिल्लाह, कर्ज लवकर फेडून टाकता येईल.

उद्योगाकडे जाणारी वाटही आहे आणि पुण्याच्या मुलांसाठी ती दुर्लक्षित आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्या पदासाठी समाजकार्याची पदवी चालत आली आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव हा पट्टा तर आपल्या दारातच आहे. दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. या कामाला प्रकल्प लिहिणारी, हिशेब ठेवणारी, इंग्रजीत अहवाल देणारी माणसे लागतात. आपली मुले इथेच मागे पडतात. वस्तीत काम करण्यात ती कोणालाही हरवतील, पण एक्सेलची शीट आणि इंग्रजी रिपोर्ट आला की गप्प होतात. कर्जातले दहा हजार कमी करून ते इंग्रजी आणि संगणकाच्या शिकवणीवर घातले तर पगारात त्याचा जास्त फायदा दिसेल.

आता हप्ता

समजा बँकेचे व्याज १०.५ टक्के आहे. कोर्स दोन वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष सवलतीचे आणि मग सात वर्षांत परतफेड. कर्ज दोन समान भागांत दरवर्षी उचलले आणि सवलतीच्या काळात सरळ व्याज लागले असे धरू.

दोन लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता सुरू होईपर्यंत सुमारे ५२,५०० रुपये व्याज चढते. म्हणजे फेडायला सुरुवात २,५२,५०० पासून होते. हप्ता येतो महिना सुमारे ४,२५० आणि सात वर्षांत एकूण जातात सुमारे ३ लाख ५८ हजार.

सहा लाख घेतले तर तोच आकडा ७,५७,५०० होतो. हप्ता सुमारे १२,८०० आणि एकूण परतफेड पावणेअकरा लाखांच्या घरात. बँक म्हणेल, मुदत पंधरा वर्षे करून देतो. मग हप्ता सुमारे ८,४०० वर येतो, ऐकायला बरा वाटतो, पण एकूण पंधरा लाखांवर जातात. सहा लाखांच्या शिक्षणासाठी पंधरा लाख!

हे आकडे मघाच्या मानधनाशेजारी ठेवून पाहा. १८,५३६ रुपयांत १२,८०० चा हप्ता म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के. २७,८०४ मध्येही तो ४६ टक्के होतो. उरलेल्यात पुण्यात भाडे, बसभाडे, घरी द्यायचे पैसे आणि आजारपण बसत नाही. दोन लाखांचा हप्ता १८,५३६ च्या २३ टक्के आणि २७,८०४ च्या १५ टक्के पडतो. पहिला ओढाताणीचा आणि दुसरा झेपणारा.

माझ्या मते या क्षेत्रात हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, कारण नोकरी कंत्राटी असते आणि दोन कंत्राटांच्या मध्ये दोन-तीन महिने रिकामे जाऊ शकतात. याच व्याजाने उलटा हिशेब केला तर १८,५३६ रुपयांच्या पगाराला सुमारे १ लाख ३० हजारांचे कर्ज झेपते आणि २७,८०४ ला १ लाख ९५ हजारांचे. १०,५९२ ला जेमतेम ७५ हजारांचे. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल तर आकडे थोडे सरकतील, पण सहा लाख कुठेच बसणार नाहीत.

एक सोपा उपाय बहुतेकांना बँकेत कोणी सांगत नाही. शिकत असतानाच दर महिन्याचे व्याज भरत राहिले तर मूळ रक्कम फुगत नाही. दोन लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी हे महिना ८७५ रुपये आणि नंतर १,७५० रुपये पडते. तसे केले तर पुढचा हप्ता ४,२५० ऐवजी सुमारे ३,३७० येतो. काही बँका असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात १ टक्का सूटही देतात. अर्ज करतानाच ते विचारून ठेवावे.

बीएसडब्ल्यूवर थांबावे की पुढे जावे

बारावीनंतर बीएसडब्ल्यू केलेल्यांसमोर हा प्रश्न येतो. मघाच्याच यादीवरून पाहू. पदवीवर १८,५३६ आणि पदव्युत्तर पदवीवर २७,८०४, म्हणजे फरक महिन्याला ९,२६८ आणि वर्षाला १ लाख ११ हजार. चांगला फरक आहे. पण एमएसडब्ल्यूची दोन वर्षे पूर्णवेळ घालवली तर त्या काळात १८,५३६ ची नोकरी सुटते. ती रक्कम ४ लाख ४५ हजार होते. फी आणि इतर खर्च लाखभर धरला तर एकूण साडेपाच लाखांच्या जवळ. वरचे पद लगेच मिळाले तरी भरपाईला पाच वर्षे लागतात.

म्हणजे फीपेक्षा सुटलेला पगार मोठा आहे, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. ज्याच्या हातात आधीच नोकरी आहे आणि घर त्याच्या पगारावर चालते, त्याने नोकरी न सोडता इग्नूसारख्या मार्गाने एमएसडब्ल्यू करणे जास्त शहाणपणाचे. ज्याला अजून नोकरीच नाही आणि ज्याच्यावर घराचा भार नाही, त्याने चांगल्या अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ करावे. तिथे ओळखी होतात, क्षेत्रकार्यातून संस्था माणूस हेरतात. माझ्या पाहण्यात पहिली नोकरी बहुतेक वेळा अशीच मिळते.

व्याजाचा प्रश्न

आपल्या घरांत कर्ज म्हटले की दुसरा प्रश्न सूदचा येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. शिक्षणासाठी जरूरत म्हणून व्याजी कर्ज घेता येते का, महामंडळाच्या ३ टक्क्यांकडे कसे पाहावे, यावर मतभेद आहेत. आपापल्या आलिमांशी मशवरा करावा. मात्र त्यांच्याकडे जाताना पूर्ण हिशेब घेऊन जावे, म्हणजे किती फी, किती घरचे, किती कमी पडते हे सांगता येईल. माझ्या अनुभवात हा कागद तयार केला की कमी पडणारी रक्कम वाटली होती त्यापेक्षा लहान निघते.

ती आणखी लहान करण्याचे मार्ग आहेत. पहिला मार्ग शिष्यवृत्तीचा. महाडीबीटी पोर्टलवर राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. त्याशिवाय मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण घरोघरी जातीचा दाखलाच काढलेला नसतो. "आम्ही मुसलमान, आम्हाला जात कुठे" असे म्हणून दाखल्याकडे पाहिले जात नाही आणि मग फीची सवलत हातची जाते. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्याचे काम बारावीच्या वर्षातच सुरू करावे, कारण नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणीला वेळ लागतो.

दुसरा मार्ग कर्ज-ए-हसनाचा. मशिदीचे बैतुलमाल, बिरादरीचे जमातखाने, स्थानिक ट्रस्ट यांच्याकडून बिनव्याजी रक्कम किंवा जकातपात्र विद्यार्थ्याला फीची मदत मिळू शकते. पुण्यात समाजाच्या शिक्षणसंस्थांची परंपरा जुनी आहे. आझम कॅम्पस चालवणारी महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी १९४८ सालची आहे. पण समाजातल्या दानशूरांकडे मेडिकल आणि इंजिनीअरिंगचा अर्ज गेला की हात सैल सुटतो, एमएसडब्ल्यूचा गेला की "हा कोणता कोर्स?" असे विचारले जाते. हे बदलायला हवे. सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या मागासलेपणाचा आणि बँकेचे कर्ज आपल्यापर्यंत कमी पोचते याचाही अहवाल दिला. त्यावर आपण वीस वर्षे भाषणे ऐकतो आहोत. वस्तीत बसून फॉर्म भरून घेणारा, योजनेपर्यंत माणूस नेणारा प्रशिक्षित कार्यकर्ता तयार करायचा खर्च एका साखरपुड्याच्या जेवणापेक्षा कमी येतो.

कर्ज-ए-हसना घेताना लिखापढी जरूर करावी. रक्कम, परतीची सुरुवात आणि नोकरी लागली नाही तर काय, हे कागदावर असले की नाती बिघडत नाहीत.

तिसरा मार्ग सरकारी महामंडळांचा. केंद्राचे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ पासून आहे. त्याच्या शैक्षणिक कर्जात कमी उत्पन्नाच्या गटाला व्याज ३ टक्के आहे. त्यावरच्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या गटात मुलांना ८ आणि मुलींना ५ टक्के. राज्यात हे काम मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत चालते. महामंडळाची स्वतःची डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम शैक्षणिक कर्ज योजनाही ३ टक्क्यांची आहे. फरक किती पडतो पाहा. दोन लाख ३ टक्क्यांनी घेऊन कोर्सनंतर सहा महिन्यांनी पाच वर्षांत फेडायचे धरले तर हप्ता सुमारे ३,८०० येतो आणि एकूण परतफेड २ लाख २९ हजारांच्या आसपास होते. बँकेत तीच ३ लाख ५८ हजार होती. महामंडळाचा त्रास वेगळा आहे. जामीनदार लागतात, कागद पुन्हा पुन्हा मागतात, पैसे यायला उशीर होतो. म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच्या महिन्यांतच जिल्हा कार्यालयात चौकशी करावी आणि पहिल्या हप्त्याच्या फीची सोय घरून किंवा कर्ज-ए-हसनातून ठेवावी.

बँकेत गेल्यावर

भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. ४ ते ७.५ लाखांपर्यंत तिसऱ्याची हमी आणि त्यावर तारण मागितले जाते. आपल्या हिशेबात कर्ज दोन लाखांच्या आतच राहणार आहे, त्यामुळे तारणाचे नाव निघाले तर हा नियम दाखवावा. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता चुकला तर मुलाबरोबर त्यांचाही सिबिल बिघडतो, हे सही करण्याआधी दोघांनी समजून घ्यावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामिनाशिवाय कर्ज देते. ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के मदत मिळते. यादीत तुमच्या महाविद्यालयाचेच नाव आहे का ते पाहा, विद्यापीठाच्या नावावर विसंबू नका. ४.५ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना सवलतीच्या काळातले पूर्ण व्याज माफ करणारी जुनी केंद्रीय योजनाही आहे. ती तांत्रिक आणि व्यावसायिक कोर्ससाठी आहे, म्हणून तुमचा कोर्स त्यात धरला जाईल का ते बँकेकडून लेखी घ्यावे.

बँकेचा माणूस ८०-ई कलमाखाली आयकरात सूट मिळते असे सांगेल. ती सूट खरी आहे, पण जुन्या करप्रणालीतच, आणि २०-२५ हजार पगारावर मुळात आयकरच लागत नाही. समाजकार्याच्या कर्जात तो फायदा शून्य धरावा.

मुलींच्या बाबतीत

याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. बऱ्याच घरांत मुलगी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच रिश्ते येऊ लागतात. लग्नानंतर नोकरी करू देतील का, हप्ता कोण भरणार, हे कोणी विचारत नाही. कर्ज मुलीच्या नावावर आणि सहकर्जदार अब्बा. सासरच्यांनी नोकरी नको म्हटले की हप्ता निवृत्तीला आलेल्या बापाच्या अंगावर येतो. यावर "मग शिकवूच नका" हा उपाय काही लोक सुचवतात. मला तो मान्य नाही. रिश्त्याची बोलणी चालू असतानाच कर्जाचा आकडा आणि नोकरीचा इरादा दोन्ही समोर ठेवावेत. ज्यांना चालणार नाही ते तेव्हाच मागे फिरतील. क्षेत्रकार्याचे स्वरूपही आधी घरात सांगावे. वस्तीत, तुरुंगात, येरवड्याच्या मनोरुग्णालयात, पोलीस ठाण्यात जावे लागते. पहिल्या महिन्यात हे कळून कोर्स सोडलेल्या मुलींची भरलेली फी परत मिळवताना फार त्रास होतो.

परदेशाचा मोह

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात समाजकार्याची पदवी घेऊन तिथेच नोकरी, अशा जाहिराती पुण्यात दिसतात. या देशांत सामाजिक कार्यकर्त्याचा पगार आपल्यापेक्षा खूपच चांगला आहे, पण नोंदणी, पात्रतेची तपासणी, व्हिसा आणि भाषेची परीक्षा असे चार दरवाजे एकामागोमाग उघडावे लागतात. वीस लाख कर्ज काढून एक दरवाजा जरी बंद राहिला तर परत येऊन १८-२७ हजारांत ते फिटणार नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज माफ करणारी केंद्राची पढो परदेश योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तरी काही एजंट आजही तिचे नाव घेतात. अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्ज घेतलेला माणूस सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत काम करत १२० हप्ते भरतो तेव्हा उरलेले कर्ज माफ होण्याची योजना २००७ पासून आहे. ती तिथल्या सरकारी कर्जाला लागू पडते, आपल्या बँकेच्या कर्जाला नाही. भारतात समाजकार्य करणाऱ्यासाठी तशी कुठलीच माफी नाही.

अर्ज नाकारला तर

"तुमचा भाग आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही" हे कारण आपल्या वस्त्यांतल्या विद्यार्थ्यांना ऐकावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवले आहे की विद्यार्थ्याचे घर शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही एवढ्या कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा. बँकेच्याच तक्रार कक्षाकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला फी लागत नाही. तक्रारीला अर्जाची पोच, कॉलेजचे प्रवेशपत्र, दोन्ही वर्षांच्या फीचा लेखी तक्ता आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, म्हणून या चार कागदांच्या प्रती पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवाव्यात.